पाह्यलं का आयकलं?

नईम सरांची सगळ्यात गाजलेली उलटतपासणी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. कोर्टातले जुने वकील माना डोलवत होते, आम्ही लॉची पोरं मागच्या बाकावर छाती फुगवून बसलो होतो, आणि सर तिथं आपल्याच अशिलाला बुडवत होते. कोणाच्या लक्षात आलं नाही. सरांच्याही नाही. ती गोष्ट सांगायचीच आहे, पण आधी सर कसे होते ते सांगते, नाही तर त्यातली गंमतही कळणार नाही अन् दुखणंही कळणार नाही.

यवतमाळला आमच्या लॉ कॉलेजात सर पुराव्याचा कायदा शिकवायचे. तासापुरते यायचे, बाकी वेळ कोर्टात. एसटी स्टँडजवळ त्यांच्या वडिलांचं गॅरेज होतं, ते आता भाऊ चालवतात. सरांची स्वतःची स्कूटर इतकी जुनी होती की ती चालते कशी हाच खरं तर पुराव्याचा विषय होता. काळा कोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते समोर हुकाला अडकवायचे. वर्गातल्या कोणाची गाडी बंद पडली की हा माणूस बाह्या सरसावून खाली बसणार, प्लग काढणार, रुमालानं पुसणार, पुन्हा लावणार, अन् तोच रुमाल घेऊन तासाला येणार. त्या काळ्या रुमालानं ते फळाही पुसत. मग फळ्यावर जे काही उमटे ते आम्ही वहीत कसं उतरवायचं?

पहिल्या तासाला त्यांनी हजेरी घेतली नाही. एकेकाला उभं करून विचारलं, "लॉले कायले आले?"

काय एकेक उत्तरं होती, बापा! एकाला पोलीस भरती निघेपर्यंत काहीतरी करायचं होतं. एकाच्या घरची धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, केस आजोबापासून चालू होती, तर घरातलाच वकील करावा असा वडिलांनी हिशेब केला होता. एक म्हणाला, जज व्हायचं. एक खरं बोलला, "सर, बाकी कुठी नंबर नाही लागला." माझ्यावर आलं तेव्हा मी सांगितलं, "घरचे म्हणे, एवढं तोंड चालते त लॉ कर."

"तोंड चालते ते दिसूनच राह्यलं," सर म्हणाले. "कान चालते का?"

सगळे हसले. मला राग आला. मला राग लवकर येतो, अजूनही येतो, अन् पांढरकवड्याच्या कोर्टात त्याच्यावर माझं बरं चाललं आहे.

मग सरांनी लॉ करून काय काय होता येतं ते सांगितलं. हे आता कॉलेजवाले रंगीत पडद्यावर दाखवतात, वर सूट घातलेल्या माणसांचे फोटो असतात. सरांनी गॅरेजच्या भाषेत सांगितलं. "गॅरेजात सगळेच इंजन नाही खोलत बापा. कोनी पंक्चर काढते, कोनी पार्ट विकते, कोनी आरटीओत बसून पासिंग करते, कोनी नुसतं शोरूमात उभं राहून गाडी पुसते अन् त्याचाच पगार जास्त असते. तुम्हीबी तसेच. कोनी कोर्टात, कोनी बँकेत, कोनी कंपनीत कागद वाचन, कोनी सरकारी वकील, कोनी नोटरीचा शिक्का घेऊन झाडाखाली. एखादा जज. कोन्या कामात कमीपना नाही. पण इंजन कसं चालते ते सगळ्याईले मालूम पाह्यजे. ते मी शिकवतो."

अन् त्यांचं ते इंजिन म्हणजे एकच वाक्य होतं: पाह्यलं का आयकलं?

पुराव्याच्या कायद्यात ऐकीव गोष्टीला किंमत नाही, ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानंच येऊन सांगावं, एवढंच त्याचं मूळ. पण सरांनी ते कायद्यापुरतं ठेवलंच नाही. "सर, प्राचार्य आज आले नाही." पाह्यलं का आयकलं? "सर, परीक्षा पुढे गेली." पाह्यलं का आयकलं? शिपाई धावत सांगायला आला की नळ आले, तर त्यालाही तेच. त्या बिचाऱ्याचे हात कोपरापर्यंत ओले होते! रुबिना भाभी, म्हणजे सरांच्या मिसेस, एकदा आम्हाला शिरखुर्मा वाढता वाढता म्हणाल्या, "मी आतून ओरडली की दूध उतू गेलं, त हे बाहेरून विचारतात, देखा या सुना?"

आमच्या वर्गातल्या एका पोराचं लग्न जुळत होतं. मुलीकडचे चौकशीला कॉलेजात आले अन् त्यांना नेमके सर भेटले. पोरगा कसा आहे? सर म्हणाले, "माझ्या तासाले वेळेवर येते." स्वभाव? "माझ्यासंग बरा बोलते." व्यसन वगैरे? "मी पाह्यलं नाही." आता यात वाईट काय आहे सांगा. पण मुलीच्या मामाला ते 'मी पाह्यलं नाही' फारच लागलं. पाहिलं नाही म्हणजे आहे, फक्त यांनी पाहिलं नाही! लग्न मोडता मोडता राहिलं. तो पोरगा सरांवर इतका भडकला होता की बोलूच नका. सर शांतपणे म्हणाले, "मंग काय खोटी साक्ष देऊ?"

दुसरं त्यांचं असं की पहिलं उत्तर ते कधीच घेत नसत. तुम्ही काहीही सांगा, ते डोळे मिटून ऐकणार अन् म्हणणार, "फिरून सांग." दुसऱ्यांदा सांगताना माणूस काहीतरी गाळतो किंवा काहीतरी वाढवतो, अन् सर नेमकं तिथं बोट ठेवत. "मघा त म्हनली नाही हे?" त्या 'फिरून सांग'नं आम्ही जेरीस आलो होतो.

आता अनिताचं सांगते. अनिता राठोड माझ्या बाजूला बसायची. घाटंजीकडच्या एका तांड्यातली, बंजाऱ्याची पोरगी, तांड्यातून लॉला आलेली ती पहिलीच. घरी ती गोरबोली बोले, बाहेर आमच्यासारखी वऱ्हाडी, अन् वर्गात शक्यतो काहीच नाही. पहिल्याच वर्षी सरांनी तिला अचानक उभं करून काहीतरी व्याख्या विचारली. ती दचकली अन् तोंडातून घरची बोली निघून गेली, "मालम कोनी, सर."

आता आमच्याकडे 'ण' कोणी म्हणतं का? आम्ही सगळे 'कोणी'ला 'कोनी'च म्हणतो. मागून एक भैताड ओरडला, "कोनाले मालूम आहे म्हनते व?" सगळा वर्ग हसला. सरही हसले, म्हणाले, "कोनाले मालूम असन ते असन, तुले मालूम आहे का सांग." ती घाम पुसत खाली बसली. त्यानंतर कॉलेजात तिच्या तोंडून गोरबोलीचा एक शब्द मी ऐकला नाही. घरून फोन आला तर ती उठून पार गेटापर्यंत जायची. मला म्हणायची, "मी पुण्याले जाईन. कंपनीत करार वाचत बसीन. तिथं कोनी विचारत नाही तू कुठची."

तिनं 'कोनी' म्हटलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी काय ऐकलं ते लक्षात ठेवा.

शेवटच्या वर्षाला असताना सरांकडे किसन आडेची केस आली. किसन अनिताच्या तांड्यातला नव्हता, पण बंजाराच, दुसऱ्या तांड्यातला. गरीब आरोपीला सरकारतर्फे वकील मिळतो, तसे त्याला सर मिळाले होते. झालं असं होतं की किसन अन् त्याचा चुलतभाऊ, दोघांची सामाईक विहीर. मोटार आज कोणी लावायची यावरून काठावर दोघांची जुंपली. भांडणाचा आवाज लोकांनी ऐकला. मग चुलतभाऊ विहिरीत पडला अन् मेला. किसन घाबरून पळाला अन् दुसऱ्या दिवशी सापडला. काठावर दोघांशिवाय तिसरं माणूस नव्हतं. प्रश्न एकच होता, भाऊ पाय घसरून पडला की किसननं ढकलला?

हे पाहणारी एकच बाई होती. गमलीबाई, त्याच तांड्यातली म्हातारी, नाल्यापलीकडे बकऱ्या चारत होती. पोलिसांनी तिचा जबाब घेतला, त्यात लिहिलं होतं, 'कोणीतरी धक्का दिला.' झालं! काठावर दोघं, एक पडला, मग धक्का देणारा कोण? उरला तोच. हे एक वाक्य किसनला आयुष्यभरासाठी आत पाठवायला पुरेसं होतं. त्याची बायको दर तारखेला पोराला कडेवर घेऊन यायची अन् कोर्टाच्या भिंतीला टेकून उभी राहायची.

सर किसनला जेलात भेटून आले तेव्हा चिडले होते. "समजूनच नाही राह्यला तो," आम्हाला म्हणाले. "एकच धरून बसला, गमलीयाडी, म्हंजे ते म्हातारी, खरं सांगन, गमलीयाडी बोलली की मी सुटतो. अरे बापा, तिनंच त तुह्या विरोधात सांगतलं!" मग त्यांनी आम्हा शेवटच्या वर्षाच्या पोरांना सांगितलं, "त्या दिवशी कोर्टात येऊन बसा. साक्षीदार कसा काढून टाकतात ते पाहा."

कोणतं कोर्ट ते मी सांगत नाही. वकिलीत एवढं तरी शिकले आहे.

गमलीबाई पिंजऱ्यात उभी राहिली. पांढरे केस, हातात मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या पांढऱ्या बांगड्या, ओढणी पुन्हा पुन्हा सावरत होती. सरकारी वकिलांनी विचारायला सुरुवात केली. ती वऱ्हाडीत बरी बोलत होती. "मी बकऱ्या चारून राह्यली होती. ते दोघं भांडून राह्यले होते. मंग तो पडला." सरकारी वकील म्हणाले, "पडला कसा?" "पडला." "अवो पण पडला कसा? आपोआप कसा पडन?" त्यांचा आवाज चढला, तशी म्हातारी बावरली, तिनं किसनकडे पाहिलं, अन् मराठी सोडून घरच्या बोलीत जोरात बोलली, "धक्को दिनो कोनी! धक्को दिनो कोनी!"

"म्हणजे धक्का दिला कोणीतरी," सरकारी वकील म्हणाले. जबाबात तेच होतं. जजसाहेबांनी तेच सांगितलं, टायपिस्टनं तेच टाईप केलं. किसन एकदम उठून काहीतरी बोलायला लागला, तर शेजारच्या पोलिसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

मग सर उठले. आम्ही सरसावून बसलो. मी वाट पाहत होते की सर आता डोळे मिटतील अन् म्हणतील, 'फिरून सांगा.' ते त्या दिवशी म्हणाले नाहीत. त्यांची तयारी झालेली होती.

अगदी जवळ जाऊन त्यांनी हात पुढे केला. "आजी, माझ्या हातात काय आहे?"

गमलीबाईनं डोळे बारीक केले. "काडी."

पेन होतं ते. "बरं. हा फोटो कोनाचा आहे?" त्यांनी एक लहानसा फोटो अगदी तिच्या नाकासमोर धरला. तिनं मान मागे घेतली. "नाही दिसत." "हा फोटो तुमच्याच तांड्यातल्या मानसाचा आहे. नाही ओळखू येत?" "नाही." "डोळ्याच्या डाक्टरकडं कधी गेलत्या?" "नाही." "हाताजवळचं दिसत नाही, अन् नाल्यापलीकडून, उभ्या तुरीतून, कोनं कोनाले धक्का देला ते दिसलं?" ती गोंधळली, काहीतरी पुटपुटली. सर खाली बसले. आवाज चढवला नाही, एक वाकडा शब्द वापरला नाही, अन् म्हातारी पूर्ण संपली. माझ्या अंगावर काटा आला. मला तेव्हाच वाटलं, मी कोर्टातच जाणार, दुसरीकडे कुठं नाही.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर लिंबाखाली टपरीवर सरांभोवती वकिलांचा घोळका होता. अनिता लांब उभी होती, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "काय झालं व तुले?"

"ती नाही म्हनली."

"कोन?"

"आजी. धक्का देला नाही, असं म्हनली ते. आमच्यात कोनी म्हंजे नाही."

"कोनी म्हंजे कोनी ना?"

"कोनी म्हंजे नाही! ऊ आयो कोनी, म्हंजे तो आला नाही. मालम कोनी, म्हंजे माहीत नाही. पोलिसाईले पन तेच सांगतलं असन तिनं." तिचे डोळे भरले होते. "सरनं तिले आंधळी ठरवलं, वंदना. ती त त्याले सोडवाले आली होती."

मला काही क्षण कळलंच नाही. मग तो पहिल्या वर्षाचा तास आठवला, आमचं हसणं आठवलं. मी म्हटलं, "चाल, सरले सांगू." ती हलेना. "मी कशी सांगू? ते सर आहेत. एवढे सगळे वकील आहेत तिथं." मी तिचा हात धरून तिला ओढतच नेलं. तोंड चालतं ना माझं, मग केव्हा कामाला येणार ते?

सरांच्या हातात आलूबोंडा होता. अनितानं खाली मान घालून सांगितलं. सरांनी डोळे मिटले.

"फिरून सांग."

तिनं सांगितलं.

"फिरून सांग."

तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज मोकळा झाला. एक शब्द वाढला नाही, एक गळला नाही. सरांनी डोळे उघडले. "पाह्यलं का आयकलं?" हे त्यांनी सवयीनं विचारलं असावं. ती म्हणाली, "आयकलं सर. माह्या कानानं. माही मायबोली आहे ते."

सरांनी आलूबोंडा कागदावर ठेवून दिला. घोळक्यातले एक जाडजूड वकील म्हणाले, "नईमभाई, चूप बसा. साक्षीदार उडाली म्हणजे केस उडाली. पोरगा असाही सुटते, तसाही सुटते. काहून आपल्या पायावर धोंडा पाडून घेता?"

खरं सांगू? मलाही ते पटलं होतं. अनितालाही पटलं असावं. पण सर म्हणाले, "सुटनच असं कोनी सांगतलं? पळून गेला होता तो. रेकॉर्डवर 'धक्का दिला' हाय. अन् सुटला तरी कसा सुटन? वकिलानं म्हातारीले आंधळी केलं म्हनून सुटला, असंच तांड्यात बोलतीन. मेलेल्याचे भाऊ त्याले जगू देतीन का? खरं त्याच्याच बाजूनं हाय, अन् मी त्याले संशयाचा फायदा घेऊन देऊ?" मग कोणाकडेच न पाहता म्हणाले, "तो जेलात सांगून राह्यला होता मले. गमलीयाडी बोलली की मी सुटतो. मी त्याले भोळा समजलो."

सुट्टीनंतर कोर्ट बसलं तसे सर उभे राहिले. साक्षीदाराला पुन्हा बोलवावं अन् दोन्ही भाषा येणारा दुभाषी द्यावा, अशी विनंती केली. जजसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "वकीलसाहेब, सकाळी तुम्हीच तिला दिसत नाही म्हणून सिद्ध केलं ना?"

"हो हुजूर. चूक साक्षीदाराची नाही, माझी आहे. मी जबाब वाचून आलो होतो. तिनं काय सांगितलं ते मी ऐकलंच नाही. मी वाचलेलं आयकलं."

'आयकलं' हा शब्द त्यांच्या कोर्टातल्या शुद्ध मराठीतून तसाच बाहेर पडला. कोणी हसलं नाही. त्या लाकडी बाकावर बसून मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढच्या तारखेला एक शाळामास्तर दुभाषी म्हणून आला. गमलीबाईनं तेच सांगितलं: दोघं भांडले, किसन मागे सरला, चुलतभाऊ हात उगारायला गेला अन् काठावरच्या ओल्या शेवाळावर त्याचा पाय गेला. धक्को दिनो कोनी. आता सरकारी वकील उठले, अन् त्यांनी काय करावं? सरांचीच तपासणी सरांवर उलटवली. "बाई, पेन तुम्हाला काडी दिसते, फोटो दिसत नाही, आणि तेवढ्या लांबचा पाय दिसला?"

सर खाली मान घालून बसले होते. स्वतःच विणलेलं जाळं ते, त्यांना उठून काय म्हणता येणार होतं?

म्हातारी मात्र चिडली. दुभाष्याची वाट न पाहता मराठीत बोलली, "जवळचं नाही दिसत रे बापू! सुईत दोरा नाही ओवल्या जात. लांबचं दिसते. लांबचं न दिसून बकऱ्या कशा राखीन मी?"

जजसाहेबांनी चष्मा काढला. तो त्यांचाही जवळचं वाचण्यापुरताच होता. त्यांनी उघड्या दारातून बाहेर बोट दाखवलं. "गेटापाशी काय दिसतं?" गमलीबाईनं मान वळवली अन् डोळे बारीक न करता सांगितलं, "एक बाई हाय हिरव्या लुगड्याची. कडेवर लेकरू हाय. लेकराच्या एका पायात चप्पल नाही." शिपाई पाहून आला. किसनचीच बायको होती ती. पोराची एक चप्पल खरंच पडली होती.

किसन सुटला. संशयाचा फायदा देऊन नाही, चांगला निर्दोष म्हणून सुटला. बाहेर आल्यावर गमलीबाई सरांसमोर येऊन उभी राहिली. सरांनी हात जोडले. तिनं त्यांच्या नाकासमोर बोटं धरली. "सांग, किती हायेत?" अन् बिनदातांची खदखदून हसली. पुढे जेव्हा जेव्हा ती बाजाराच्या दिवशी सरांना भेटे, तेव्हा भर रस्त्यात त्यांच्या नाकापुढे बोटं नाचवायची. सरही ओशाळं हसून मोजायचे.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात अनिताला उभं केलं. आम्हाला वाटलं, शाबासकी देतील. ते म्हणाले, "पहिल्या वर्षी तू म्हनली होती, मालम कोनी. मी हसलो होतो. त्या दिवशी विचारलं असतं, फिरून सांग, कोनी म्हंजे काय, त हे झालंच नसतं." एवढंच. मग फळा पुसला, काळाच केला, अन् म्हणाले, "शिकव."

त्या दिवसापासून दर शनिवारी शेवटचा तास अनिताचा, गोरबोलीचा. पुढे एक कोलामांचा पोरगा अन् एक गोंडी बोलणारी पोरगी, तेही आपापली बोली शिकवायला लागले. सरांची गोरबोली अशी काही भयंकर होती की अनिता तोंडावर ओढणी घेऊन हसायची. पण ते सोडत नव्हते. चहा घेतला का सर? "पिदो कोनी." अन् दर वर्षी नव्या पोरांचा पहिला तास ते याच गोष्टीनं सुरू करायचे. स्वतःचं नाव घेऊन सांगायचे. एका वकिलानं असं केलं, असं कधी म्हणाले नाहीत.

आम्ही पांगलो. धुऱ्याच्या केसवाला बँकेत कायद्याचा अधिकारी झाला, त्याच्या घरची केस अजून चालूच आहे. भरतीवाला फौजदार झाला. खरं बोलणारा दारव्हा रोडला झाडाखाली नोटरीचा शिक्का घेऊन बसतो अन् सगळ्यांत सुखी आहे. जज व्हायचं म्हणणाऱ्यानं हार्डवेअरचं दुकान टाकलं. अनिता पुण्याला गेली नाही. पुसदला काही वर्षं वकिली केली, परीक्षा दिली अन् जज झाली. तिची नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात झाली.

मधल्या काळात पुराव्याच्या कायद्याचं नाव बदललं, कलमांचे नंबर बदलले. आम्ही वकील मंडळी हवालदिल. मी सरांना फोन केला तर म्हणाले, "साक्षीदार तेच हायेत ना? मंग झालं त." पण फोनवर मला प्रत्येक वाक्य तीनदा सांगावं लागलं. आधी वाटलं, सवय आहे त्यांची. मग लक्षात आलं, सरांचं 'फिरून सांग' आता खरं होतं. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. कोर्ट त्यांनी आपणच सोडलं. जाहीर काही केलं नाही. कोट धुवून पिशवीत ठेवला अन् भावाच्या गॅरेजात जाऊन बसायला लागले. तिथं ऐकू आलं नाही तरी चालतं, हात लावला की इंजिन कळतं, असं ते म्हणत.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांना तिथं भेटले. कानाशी ओरडून म्हटलं, "सर, अनिता जज झाली, माहीत आहे ना?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी वर्षं शिकवून हेच शिकली का तू. म्हणाले, "आयकलं. देखो कोनी."

मग काय करणार? मी त्यांना माझ्या गाडीत घातलं अन् तिच्या कोर्टात घेऊन गेले. वाटेत त्यांनी दोनदा सांगितलं की गाडीचा पाटा, म्हणजे खालची स्प्रिंग, वाजून राह्यला, जो मला ऐकूच येत नव्हता. त्यांना तो बुडाखाली कळत होता.

अनिताला आम्ही कळवलं नव्हतं. सर साध्या शर्टात, सगळ्यात मागच्या बाकावर, माझ्या बाजूला बसले. ती वर बसलेली, काळा कोट, चष्मा, जरा जाड झालेली. मारामारीची किरकोळ केस होती. पिंजऱ्यात एक म्हातारा उभा होता अन् भराभरा बोलत होता, "मंग मी... मंग वावरात गेलतो..." टायपिस्ट बाहेरून बदलून आलेला असावा, त्यानं खाडखाड टाईप केलं अन् वाचून दाखवलं, "मग तो वावरात गेला."

अनितानं हात वर केला. टायपिस्ट थांबला, वकील थांबले. ती पुढे झुकली अन् म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबा, फिरून सांगा. कोन गेलं?"

"मी गेलतो ना बाई. तो कायले जाते?"

"मी गेलो होतो, असं लिहा," ती म्हणाली. मग तिची नजर मागच्या बाकावर आली अन् तिथंच थांबली. तिला उठता येत नव्हतं. कोर्ट चालू होतं. तिनं नुसती मान जरा लववली, चष्मा काढून पुसला, अन् पुढचा साक्षीदार बोलावला.

बाहेर आल्यावर मी सरांच्या कानाशी तोंड नेलं. एवढ्या लांबून त्यांना एक शब्द ऐकू आला नसणार, म्हणून मी सांगायला लागले, "सर, टायपिस्टनं चुकीचं लिहिलं होतं, तर ती म्हणाली..."

"राहू दे," सर म्हणाले अन् खिशातला तो काळा रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले. "पाह्यलं ना मी."